परत येणारे दात

आमच्या घरात दुपारी हसायची एक वेळ असायची. जेवणं उरकली, नाना पुन्हा दुकानावर गेले, आईनं पदर तोंडावर घेऊन स्वयंपाकघरातच आडवं अंग टाकलं, की आक्का मला मागच्या दाराच्या उंबऱ्यावर उजेडाकडे तोंड करून बसवायची. धरणगावच्या उन्हाळ्यात त्या वेळी गल्लीत चिटपाखरू नसायचं. नानांचं जळालेल्या पाण्याच्या मोटारींत नवी तार गुंडाळायचं, रिवाइंडिंगचं दुकान घराला लागूनच होतं, तिथून गरम व्हार्निशचा वास यायचा आणि तांब्याची तार फिरकीवरून सुटतानाची बारीक सरसर ऐकू यायची. आक्का म्हणायची, “हास ना माय, जरासा हास.” मी हसायचे. मग ती अंगठ्यानं माझा वरचा ओठ अलगद उचलायची आणि आत बघत राहायची. मी तिच्या डोळ्यांत बघायचे तेव्हा ती माझ्याकडे बघत नाहीये हे मला कळायचं. लहान मुलांना असल्या गोष्टी फार लवकर कळतात आणि त्या बोलून दाखवायला फार उशीर लागतो.

आक्का म्हणजे माझ्या वडिलांची, नानांची थोरली बहीण. तिचं सासर धुळ्याला, पांझरेच्या काठच्या एका गल्लीत होतं. नवरा तरणाताठा गेला, आणि मागे राहिलेली एकुलती पोर, सुमी, चौदा वर्षांची असताना पांझरेच्या पुरात गेली. प्रेत सापडलं नाही. त्यानंतर नानांनी आक्काला आमच्याकडे आणलं आणि पुढच्याच वर्षी माझा जन्म झाला. मी नऊ-दहा वर्षांची होईपर्यंत आक्का मला फारसं जवळ घेत नसे, असं आई सांगायची. दुधाचे दात पडून पक्के दात आले आणि सगळं बदललं. माझा उजवा सुळा हिरडीत उंच चढून बसला होता, आणि पुढचे दोन दात मांडी घालून बसल्यासारखे एकमेकांवर आले होते. एक दिवस मी कशावरून तरी खदखदून हसले आणि आक्काच्या हातातली परात खाली पडली. “ह्या दात मन्ही सुमीना शेतस,” ती आईला म्हणाली आणि ओटा धरून खाली बसली. सुमीचा एकच फोटो होता, आणि त्यात तिनं ओठ घट्ट मिटलेले होते. त्यामुळे तिचे दात खरंच कसे होते हे आक्काखेरीज कुणालाच धड सांगता येत नव्हतं. नाना म्हणायचे, होते काहीतरी वाकडे.

आमच्याकडे माणूस गेलं की दहाव्या दिवशी संध्याकाळी कोपऱ्यात जमिनीवर पीठ पसरतात, वर टोपली झाकतात, आणि सकाळी टोपली उचलून त्या पिठात काय उमटलंय ते बघतात. मुंगीची रांग दिसेल, चिमणीचं पाऊल दिसेल, कधी नुसती रेघ. त्यावरून गेलेला जीव कुठे गेला ते म्हातारी माणसं ठरवतात. सुमीच्या वेळी टोपली उचलली तेव्हा पीठ जसंच्या तसं होतं, म्हणे. एक ठिपका नाही. आक्काच्या मनानं त्याचा अर्थ लावून टाकला की पोर कुठे गेलेलीच नाही. पुढे भटजींनी प्रेताऐवजी पळसाच्या पानांचा पुतळा करून क्रिया उरकायला सांगितलं, तेही तिनं करू दिलं नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खानदेशात घरोघर पितरांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. आक्का नवऱ्याच्या नावाची घागर भरायची, सुमीच्या नावाची कधीच भरली नाही. घागर मेलेल्यांची असते.

तिचं प्रेम मला आवडत नव्हतं असं म्हटलं तर ते खोटं होईल. माझी वेणी तीच घालायची, डोक्यात तेल तीच मुरवायची, ज्वारीच्या पापडांसारखे बिबडे वाळत घातले की पहिला ओला बिबडा मलाच मिळायचा. पण ती मला मधूनच ‘सुमे’ म्हणायची आणि कुणी तिला टोकायचं नाही. सुमीला तुरीच्या डाळीचे फुनके आणि कढी फार आवडायची, म्हणून आठवड्यातून एकदा तरी फुनके व्हायचे. मला ते घशाखाली उतरत नसत. मी कढीत बुडवून कसेबसे गिळायचे. मग कधीतरी माझ्या लक्षात आलं की मी दुसऱ्यांदा मागून घेतलेत. त्या दिवशी मी ताटावरून उठले आणि न्हाणीत जाऊन किती तरी वेळ तोंड धूत राहिले. मला भीती वाटली होती. आपल्या जिभेवर आपली सत्ता नाही असं वाटलं तर दुसरं काय वाटणार?

दात सरळ करून घ्यायचं मीच काढलं. वर चढलेला सुळा ओठाला आतून घासायचा, तिथं कायम फोड असायची. शाळेत पोरी ‘डबल सीट’ म्हणायच्या ते वेगळंच. पण आज प्रामाणिकपणे सांगायचं तर फोड आणि पोरी दोन्ही निमित्त होतं. मला माझं तोंड माझं हवं होतं. हे कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं, म्हणून मी फोड दाखवली. गावातल्या डॉक्टरांनी सांगितलं की हे तारांचं काम धुळ्याला एक जण करतात. नाना तयार झाले. तारेचं काम म्हटल्यावर त्यांना आपल्या बिरादरीतलं काहीतरी वाटलं असावं. “चला, पोरीच्या तोंडाचं रिवाइंडिंग करून आणू,” असं ते दुकानातल्या गिऱ्हाइकांना सांगत सुटले.  एरंडोल, पारोळा करत एस.टी. निघाली तेव्हा आक्का आधीच पिशवी घेऊन खिडकीजवळच्या सीटवर बसलेली होती.

धुळ्याचे डॉक्टर मोठे शांत गृहस्थ होते, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांऐवजी तोंडाकडे बघायचे. त्यांनी नानांना सगळे मार्ग समजावून सांगितले. काढ-घाल करता येणारी एक प्लेट असते, तिच्यात बारीक स्क्रू असतो, तो किल्लीनं फिरवत राहायचा. पण तिनं नुसता कललेला दात हलतो, इतका वर चढलेला सुळा खाली येत नाही. दुसरं म्हणजे दात घासून वर टोप्या चढवायच्या, लवकर होतं पण चांगले दात कायमचे जातात, आणि या वयात तर ते करूच नये. तिसरं म्हणजे पक्क्या तारा. त्यासाठी जागा करायला दोन्हीकडची एकेक दाढ काढावी लागेल, दर महिन्याला यावं लागेल, दीड-दोन वर्षं जातील. किंवा काहीच करू नका, लोक अशा दातांनीही म्हातारे होतात. नानांनी तारा म्हटलं. तेव्हा डॉक्टर म्हणाले, “एक सांगून ठेवतो. तारा काढल्यावर काम संपत नाही. दातांना आपल्या जुन्या जागेची आठवण असते. नंतर प्लेट नीट घातली नाही तर ते परत तिथंच जायला निघतात.”

कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेली आक्का पहिल्यांदाच बोलली. “मंग त्या दात परत येतीन का, डॉक्टर?” डॉक्टरांना वाटलं म्हातारीला पैसे पाण्यात जायची काळजी आहे. ते हसून म्हणाले, काळजी घेतली नाही तर नक्की येतील. आक्कानं मान डोलावली आणि पदरानं चेहरा पुसला. ती काय समजली ते मला त्याच क्षणी कळलं. तिची हरकत नव्हती. सुमी थोडे दिवस गावाला जाणार होती, इतकंच.

मग साचा घेतला. एका लोखंडी पसरट चमच्यात गार, चिकट लगदा भरून तो माझ्या टाळ्याला दाबून धरला. मला ओकारी येत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि डॉक्टर म्हणत होते नाकानं श्वास घे. लगदा घट्ट झाल्यावर त्यांनी तो सप्पकन ओढून काढला. त्यात माझे दात उलटे उमटले होते. आक्का उठून जवळ आली. ती त्या खळग्यांकडे जशी बघत होती तसं मी तिला कशाकडेच बघताना पाहिलं नव्हतं. खाली वाकून, हात मागे बांधून, श्वास रोखून. पिठावरची टोपली उचलल्यावर बायका बघतात तसं. आणि या वेळी उमटलेलं होतं. पुढच्या महिन्यात तिनं डॉक्टरांकडे त्या साच्याची प्लॅस्टरची प्रत मागितली, आणि कुणी असं काही मागतं याचंच त्यांना इतकं नवल वाटलं की त्यांनी एक जादा ओतून दिली.

ती प्रत आक्कानं आपल्या खोलीतल्या कोनाड्यात ठेवली, एका छोट्या टोपलीखाली. पांढरेफटक, ओठ नसलेले, अर्धवट उघडलेले माझे दात. दुपारी सगळे झोपले की ती टोपली उचलायची. मी दाराच्या फटीतून पाहिलं आहे. ती हळू आवाजात काहीतरी विचारायची आणि थांबायची, समोरच्याला उत्तर द्यायला वेळ द्यावा तशी. मग पुन्हा बोलायची. त्या थांबण्याची मला जास्त भीती वाटायची. ती प्रत अजून माझ्या कपाटात आहे. परवा जळगावला भाचीच्या मुलीच्या दातांसाठी तिच्याबरोबर गेले होते. आता लगदाबिगदा काही नाही, पेनासारखं एक यंत्र तोंडात फिरवतात आणि दात पडद्यावर गरागरा फिरू लागतात. धातूच्या तारा, दातांच्या रंगाच्या तारा, दातांच्या मागून लावायच्या तारा, नाहीतर तारा नकोतच, पारदर्शक साचे घ्या, दर पंधरा दिवसांनी बदला, जेवताना काढा. पोरगी पडद्यावर आपले आजचे आणि उद्याचे दात बघून खूश होती. मी मात्र खुर्ची जरा मागे ओढून बसले. धडापासून सुटं, जिवंत माणसाचं तोंड असं समोर ठेवलेलं मला अजूनही बघवत नाही.

तारा लागल्या तसं माझं जेवण भिजवलेल्या भाकरीवर आलं. जबडा ठणकायचा, गालाला आतून तार टोचायची, तिथं मेण लावायचं. दर महिन्याला डॉक्टर तार आवळायचे आणि पुढचे तीन-चार दिवस वरणबट्टीकडे नुसतं बघत बसावं लागायचं. काढलेल्या दोन्ही दाढा आक्कानं दुधाच्या दातांसारख्या कौलांवर फेकल्या. नानांना दुकान होतं म्हणून धुळ्याला मला आक्काच घेऊन जायची. काम झालं की परतीच्या गाडीला अवकाश असायचा, आणि ती मला न विचारता नदीच्या रस्त्याला लागायची. तिच्या जुन्या गल्लीतून खाली उतरलं की काही काळ्या पायऱ्या होत्या. ती शेवटच्या पायरीवर बसायची, मला शेजारी बसवायची.  पावसाळ्यात गढूळ पाणी पायऱ्यांशी लागलेलं असायचं तेव्हा तिचा हात माझ्या मनगटावर इतका घट्ट असायचा की बांगड्यांचे वळ उठायचे. ती मला धरून ठेवतेय की पाण्याला दाखवतेय, ते मला कधी कळलं नाही. मी घरी सांगितलं नाही. सांगून काय सांगणार होते, की आक्का मला नदीकाठी नेते आणि बसते?

सुळा महिन्यागणिक खाली येत होता. पुढच्या दोन दातांची मांडी सुटली. आणि आक्काची दुपारची हाक हळूहळू बंद झाली. तारा काढल्या त्या दिवशी मी दवाखान्यातल्या आरशात पाहिलं आणि ढसाढसा रडले, आनंदानं. इतकी साधी, इतकी कुणासारखीही नसलेली मुलगी मी पहिल्यांदाच पाहत होते. डॉक्टरांनी टाळ्याला बसणारी गुलाबी प्लेट दिली, तिला पुढून एक तार होती. बजावलं की जेवताना सोडून कायम घालायची, वर्षभर तरी, मग नुसती झोपताना, आणि खरं विचाराल तर जन्मभर. घरी आईनं दृष्ट काढली. नानांनी गिऱ्हाइकांना बोलावून मला हसायला लावलं. आक्कानं माझ्याकडे एकदा पाहिलं, परक्या घरची मुलगी दारात आली की बघतात तसं, आणि म्हणाली, चहा ठेवू का? त्या वर्षी मी चौदा वर्षांची झाले होते.

थोड्याच दिवसांत प्लेट नाहीशी झाली. जेवताना मी ती पेल्यात काढून ठेवली होती. हात धुऊन आले तर पेला रिकामा. घर उलथंपालथं केलं, आईनं भांडी घासणाऱ्या बाईला विचारलं, नाना चिडले, मला वेंधळी म्हणाले. डॉक्टर गावाला गेलेले, आखाजी झाल्यावर येणार असा निरोप आला. तोवर वाट बघणं भाग होतं. आणि मग ते सुरू झालं. सकाळी उठल्यावर जीभ दातांवरून फिरवली की काल नव्हती अशी एक कड लागायची. पुढच्या दोन दातांत किंचित पायरी झाली होती. सुळ्याच्या मुळाशी बारीक ओढ जाणवायची, दुखत नव्हतं, नुसतं कुणीतरी आतून दोर खेचल्यासारखं. माझ्या तोंडात कुणीतरी एकेक पाऊल टाकत घराकडे चालत येत होतं आणि मला ते थांबवता येत नव्हतं. मी दिवसभर अंगठ्यानं दात दाबून धरायचे. बाकी कुणाला फरक दिसत नव्हता. आक्काला दिसत होता. एक दिवस दुपारी, सगळीकडे सामसूम असताना, मागच्या दारातून हाक आली, “सुमे, आठे ये. हास ना माय.”

आखाजी जवळ आली तशी आक्का कामाला लागली. खानदेशात आखाजी म्हणजे लेकींचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. आक्कानं सांजोऱ्यांचा रवा भाजला, बांगड्या आणल्या, आणि आपल्या पेटीतून एक परकर-पोलकं काढून उन्हात टाकलं. ते माझ्या मापाचं नव्हतं, माझ्यासाठी शिवलेलंही नव्हतं. आईनं ते पाहिलं. रात्री तिनं नानांना काहीतरी सांगितलं असावं, कारण नाना सकाळी म्हणाले, सण झाला की आक्काला कुठल्यातरी डॉक्टरला दाखवू. आखाजीच्या आदल्या दिवशी आक्का म्हणाली, धुळ्याचे डॉक्टर आले आहेत, शालूची नवी प्लेट करून आणते. तिनं माझं खरं नाव घेतलं म्हणून सगळ्यांनी विश्वास ठेवला.

दवाखान्याला कुलूप होतं. आक्कानं त्याच्याकडे पाहिलंही नाही. टळटळीत दुपार होती, डांबर चपलांना चिकटत होतं, दुकानांवर फडकी ओढलेली. ती पुढे आणि मी मागे, तिच्या जुन्या गल्लीतून आम्ही पायऱ्यांवर उतरलो. पांझरेला पाणी नव्हतं. नुसती वाळू, गोटे, आणि मध्ये कुठेतरी हिरवं पडलेलं एक डबकं. कुत्रंसुद्धा नव्हतं. आक्का पायऱ्यांवर थांबली नाही, वाळूत उतरली, मला हाताला धरून एका काळ्या खडकापाशी घेऊन गेली आणि त्यावर बसवलं. ती समोर उकिडवी बसली. माझा ओठ अंगठ्यानं उचलला, नीट बघितलं आणि समाधानानं सोडला. मग ज्या आवाजात ती कोनाड्याशी बोलायची त्या आवाजात बोलायला लागली.

त्या दिवशी सकाळी सुमीनं तव्यावर भाकरी करपवली होती. ती आरशात बघत होती, ओठ ओढून दात झाकता येतात का ते. आक्काच्या डोक्यात राख गेली. नवरा गेलेला, घरात कुणी कमावतं नाही, आणि ही पोर आरशापुढे. ते सगळं तिनं मला सांगितलं, सुमीला सांगत असल्यासारखं, म्हणजे सुमीला जे माहीत होतं तेच पुन्हा. आणि शेवटी म्हणाली, “मी तुले म्हनं, असा दात लिसन कोन करी तुले? जाय, परत येऊ नको. म्हनीसन तू पानीमा उतरनी का, सुमे? का पाय घसरना? खरं सांग.”

आणि ती थांबली, उत्तराला वेळ देऊन.

तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं ती माझ्या तोंडात काय शोधत होती. पोर परत आली असेल तर तिनं ‘तुझ्याशी कोण लग्न करेल, परत येऊ नको’ हे आईचं बोलणं मनावर घेतलं नव्हतं. नाही आली, तर घेतलं होतं. माझे दात सरळ होणं म्हणजे तिच्यासाठी जन्मभराची शिक्षा होती, आणि त्या शिक्षेसाठी दर महिन्याला तीच मला एस.टी.त बसवून नेत होती. मला तिची दया आली, आणि त्याहून जास्त भीती वाटली. आसपास माणूस नव्हतं. मी ठरवलं होतं, सांगायचं, आक्का, मी शालू आहे, चल घरी. मी तोंड उघडलं. वाळूवरून वाफ उठत होती आणि डबक्याकडून एक गार झुळूक आली, त्या उन्हात कशी आली कोण जाणे. आणि मी म्हणाले, “पाय घसरना, बाई.”

 आक्कानं डोकं माझ्या मांडीवर टेकलं आणि रडायला लागली, आवाज न करता, अंग गदगदा हलवत. तिला घरात सगळे आक्का म्हणत. मीही आक्काच म्हणायचे, आणि माझ्या आईला आई. ‘बाई’ कुणीच म्हणत नसे. सुमी म्हणायची, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी आईकडून कळलं. खानदेशात निम्म्या घरांतली मुलं आईला बाई म्हणतात, मैत्रिणींच्या घरी मी हजारदा ऐकलेलं असणार, आणि त्या क्षणी तेच तोंडात आलं असणार. असं मी स्वतःला समजावते आणि दिवसा ते पटतंही. पण तो शब्द उच्चारताना माझी जीभ माझ्या सुळ्याला लागली होती, आणि तो सुळा मला फार उंचावर लागला. घरी येऊन आरशात पाहिलं तर तसं काही नव्हतं.

 परतीच्या वाटेवर पारोळ्याला तिनं मला उसाचा रस पाजला. घरी आल्यावर ती सरळ धान्याच्या खोलीत गेली, ज्वारीच्या कोठीत कोपरापर्यंत हात घातला आणि माझी प्लेट काढली. ती धुतली, पदरानं पुसली आणि माझ्या हातावर ठेवली. “घाल,” एवढंच म्हणाली. प्लेट बसेना. दात तेवढ्यातच सरकले होते. मी जोर लावून ती दाबली, डोळ्यांत पाणी आलं, पण टक् करून बसली. पुढे डॉक्टरांनी ती थोडी घासून दिली आणि वरच्या दातांच्या मागे एक बारीक तार कायमची चिकटवली, ती अजून आहे.

दुसऱ्या दिवशी आखाजीला आक्कानं दोन घागरी भरल्या. आई दारात उभी राहून बघत होती आणि तिनं तोंडाला पदर लावला होता. दोन्ही घागरींवर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, दुसऱ्या घागरीला नवा दोरा गुंडाळला. आगारीवर, म्हणजे पितरांसाठी काढलेल्या निखाऱ्यांवर, घास टाकताना आक्कानं पहिल्यांदाच सुमीचं नाव गेलेल्यांमध्ये घेतलं. आमच्याकडे त्या दिवशी पितराच्या नावानं कुणालातरी जेवू घालतात. पुरुष गेला असेल तर पुरुष, मुलगी गेली असेल तर मुलगी. जेवेपर्यंत ते माणूस म्हणजे ते पितर. त्याला त्या नावानं हाक मारतात, आग्रह करतात, आणि जेवण झालं की उंबऱ्यापर्यंत पोचवतात. गल्लीतल्या कुणाची मुलगी बोलवायची असं आई विचारत होती. आक्का म्हणाली, शालू बसेल. आईचा चेहरा उतरला, नाना काहीतरी बोलणार होते. मीच म्हणाले, बसते.

ते परकर-पोलकं मला दंडात घट्ट होत होतं. प्लेट काढून पेल्यात ठेवली, या वेळी सगळ्यांसमोर. पाटाभोवती रांगोळी होती. आक्कानं वाढलं, आमरस, पुरणपोळी, कुरडई, आणि सणाच्या ताटात कुणी वाढत नाही ते, फुनके आणि कढी. ती समोर बसून वारा घालत होती आणि म्हणत होती, सुमे, अजून घे, सुमे, तुझ्या आवडीचं आहे. नाना, आई, सगळे ऐकत होते आणि आज त्यात कुणालाच वावगं वाटत नव्हतं. मी पोटभर जेवले. फुनके मी सगळे संपवले आणि ते मला आवडले, आणि आज मी घाबरले नाही. जेवण झाल्यावर आक्कानं माझ्या हातावर पाणी घातलं, नव्या बांगड्या चढवल्या, हाताला धरून उंबऱ्यापाशी आणलं. मागे वळून बघायचं नसतं. मी पाय बाहेर टाकला. मागून तिचा आवाज आला, अगदी जवळून, “जाय माय. आते सुखमा जाय.” आणि दार लागलं.

मी गल्लीत उभी राहिले. ऊन डोक्यावर, सावली पायाखाली. पलीकडच्या आळीत पोरी झोक्यावर गात होत्या, पण आमच्या गल्लीत सगळी दारं बंद होती. आता पुढे काय करायचं हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. बाकीची पितरं आपापल्या घरी जातात. मला घर हेच होतं, आणि ज्या नावानं मला बाहेर घातलं होतं ती आता परत येणार नव्हती. पाय भाजत होते. पाऊल मागे घ्यायची माझी हिंमत झाली नाही, आणि पुढे टाकलं तर आपण कोण म्हणून जाणार तेही कळेना. असा किती वेळ गेला ठाऊक नाही. मग आतून भांडी उचलल्याचा आवाज आला, कडी निघाली, आणि आक्का दारात उभी राहिली. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. डोळ्यांकडे पाहिलं.

“शालू,” ती म्हणाली, “उनमा काय उभी राहिनी? घरमा ये.”